सतरा नंबरचा ठिपका

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या वार्षिक जेवणात रस्सा संपला. पांढरा एक पंचावन्नला संपला आणि तांबडा दोन वाजून दहा मिनिटांनी. वेळा मी लिहून ठेवल्या होत्या. एकतीस वर्षं दैनिकाच्या डेस्कवर काढलेला माणूस स्वतःच्या घराला आग लागली तरी आधी घड्याळ बघतो. त्या क्षणी तिसऱ्या पंगतीत एकोणीस माणसं बसलेली होती. त्यांच्या ताटात भाकरी होती, मटण होतं, कांदा-लिंबू होतं. रस्सा नव्हता.

बाहेरगावचा माणूस विचारील, मटण होतं ना, मग बिघडलं कुठं? त्याला समजावत बसण्यात अर्थ नाही. कोल्हापुरात मटण कमी पडलं तर लोक खाटकाला नावं ठेवतात. रस्सा कमी पडला तर जेवण घालणाऱ्याला ठेवतात, आणि ती पुढं त्याच्या मुलांच्या लग्नापर्यंत चालतात. जेवण घालणारी संस्था आमची समाधान अपार्टमेंट, कसबा बावडा, फ्लॅट चोवीस, माणसं एक्याण्णव. आणि संस्थेचा सेक्रेटरी मी.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते थोडक्यात सांगतो. तिसऱ्या मजल्यावर आमच्या शेजारी तानूबाई राहतात, वय ऐंशी. पाण्याची टाकी भरल्याचं मी जिन्यात सांगितलं की त्या दारातून विचारायच्या, "टाकीत पानी हाय न्हवं, सेक्रेटरी? का रश्यागत?" चौथ्या मजल्यावरचे अमरसिंह यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि आवाज ट्रॅक्टर चालू असतानाही ऐकू येणारा आहे. ते त्या एकोणीस जणांपैकी एक. यंदाच्या वार्षिक सभेत सेक्रेटरीपदाला आपण उभे राहणार, असं त्यांनी सहा महिने आधी जाहीर केलं होतं. सभा जेवणाच्याच दिवशी चार वाजता असते. म्हणजे साडेबाराला जेवण, चारला निकाल.

पदाचा मोह मला नाही. पगार नाही, मान नाही, लिफ्ट बंद पडली की शिव्या मात्र नावानिशी. पण "रस्सा संपवून गेलेला सेक्रेटरी" म्हणून जायचं नव्हतं.

जेवण रांधतात आमच्याच तळमजल्यावरचे मौलाचाचा. कागलपासून गारगोटीपर्यंत तीस वर्षं लग्नांना रस्सा करणारा हा माणूस माप म्हणून काही वापरत नाही. किती माणसं, हे सुद्धा विचारत नाही. विचारतात एवढंच, "माणसं नाष्टा करून येणार का उपाशी?" त्यांची मुलगी शबनूर विद्यापीठात संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. नोव्हेंबरात एका सकाळी तिनं मला जिन्यात गाठलं.

"काका, रस्सा का संपला ते काढूया का?"

"अंदाज चुकला."

"अब्बांचा अंदाज चुकत न्हाई," ती म्हणाली. "माणसं चुकली."

तिला अभ्यासक्रमासाठी एक प्रकल्प करायचा होता. माणसं घोळक्यात कशी वागतात, हे संगणकात खोटी माणसं सोडून बघायचं. वर्गातल्या कुणी चौकातली वाहतूक घेतली होती, कुणी अफवा घेतली होती. तिला आमचं जेवण हवं होतं. प्रत्येक माणसाचा पडद्यावर एक ठिपका. ठिपक्याला दोन आकडे, एक भुकेचा आणि एक लाजेचा, दोन्ही शून्य ते एक. ठिपका आजूबाजूच्या ठिपक्यांकडे बघतो. ते जे करतात ते बघून त्याची लाज कमी-जास्त होते. एक जेवण संगणक चार सेकंदांत उरकतो, आणि असं शंभरदा करून बघायचं.

"भूक समजली. लाज कशी मोजणार?"

"विचारून."

मला हे पटलं. खरं सांगायचं तर मला त्यात माझी सुटका दिसली. यंत्रानंच सांगितलं असतं की चूक अमुक नंबरच्या पाच वाट्यांची होती, तर माझं नाव आपोआप धुऊन निघालं असतं. पाच वाट्या कोण पितं हे मला माहीत होतं. तो चौथ्या मजल्यावर राहतो.

सिम्युलेशनला मराठी शब्द शोधण्यात माझे दोन दिवस गेले. "प्रतिरूपण" असा शब्द मी नोटीस बोर्डावर लावला. संध्याकाळपर्यंत सगळी सोसायटी त्याला "ठिपके" म्हणू लागली होती. मी बोर्ड दुरुस्त केला.

मग विद्यापीठाची समिती आली. माणसांवर अभ्यास करायचा तर त्यांना इजा होणार नाही याची खातरजमा करणारी एक समिती असते, हे मला नवीन होतं. तिनं शबनूरचा अर्ज तीनदा परत पाठवला. पहिल्यांदा विचारलं, सहभागी व्यक्तींना धोका काय? आम्ही "नाही" लिहिलं होतं. एका शब्दाचं उत्तर चालत नाही असं कळल्यावर "अतिसेवनाचा किरकोळ धोका" असं लिहून दिलं. दुसऱ्यांदा विचारलं, शाकाहारी व्यक्तींना समान संधी आहे का? अख्ख्या मसुरावर मी एक परिच्छेद लिहिला. माझ्या मते माझ्या उत्तम लिखाणात तो मोडतो. तिसऱ्यांदा त्यांनी अट घातली की नावं वापरायची नाहीत, फक्त नंबर वापरायचे. आणि प्रत्येकाची सही हवी.

सह्या घेताना तानूबाईंनी विचारलं, "कुठल्या योजनेचं हाय?"

"योजना नाही, अभ्यास आहे."

"मग मिळणार काय?"

"काही नाही."

"मग घ्यायला कशाला आलासा?" असं म्हणत त्यांनी सही केली. अमरसिंहांनी मात्र कागद मेहुण्याला दाखवायला कागलला नेला. मेहुणा वकील आहे. कागद नऊ दिवसांनी परत आला. त्यावर "वाचले" असा शेरा होता आणि सही नव्हती. ती आणखी चार दिवसांनी मिळाली.

प्रश्नावली साधी होती. जेवणाच्या रविवारी नाष्टा करता का? किती वाजता खाली येता? किती वाट्या रस्सा? घरी डबा नेता का? डब्याचं सांगायला हवं. घरात कुणी म्हातारं, आजारी असेल, खाली उतरू शकत नसेल, तर त्याच्यासाठी थोडा रस्सा डब्यात नेतात. रीत जुनी आहे आणि चांगली आहे. पंगती उठल्यावर न्यायचा, अशी अट कुठं लिहिलेली नाही, पण समजलेली आहे.

सगळे कागद गोळा व्हायला तेवीस दिवस लागले. शबनूरनं ते संगणकात घातले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पहिलं जेवण सुरू केलं. ठोक्याला साडेबारा वाजता ठिपके रांगेत खाली उतरले. तीस जण बसले, बाकीचे शांतपणे उभे राहिले. प्रत्येकानं दोन वाट्या घेतल्या. पंगत उठली, दुसरी बसली. डबा एकाही ठिपक्यानं नेला नाही. शेवटी निम्मं पातेलं शिल्लक.

शबनूरनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "काका, ही माणसं कुठली?"

"आपलीच. सह्या आहेत."

"ही कोल्हापूरची वाटत न्हाईत."

उपाय सुचवला दुसऱ्या मजल्यावरच्या प्रसेनजीतनी. ते आमचे अध्यक्ष. आयुष्यभर सरकारी सर्वेक्षणात दारोदार फिरले आहेत. "माणूस स्वतःची जमीन कमी सांगतो आणि शेजाऱ्याची जास्त," ते म्हणाले. "दोन्ही विचारायचं आणि मधलं काढायचं. मी पेन्शनीत निघालो ते यावरच."

म्हणून नवा कागद काढला. प्रश्न तेच, पण आपल्या वरच्या, खालच्या आणि शेजारच्या फ्लॅटबद्दल. वाटले संध्याकाळी सहाला. साडेआठपर्यंत सगळे परत आले. तिघांनी जास्तीची पानं जोडली होती आणि एकानं फोटो. स्वतःच्या कागदात डबे शून्य होते. शेजाऱ्यांच्या कागदांत अडुसष्ट निघाले. प्रसेनजीत पद्धतीनं मधलं काढल्यावर आकडा आला चौतीस.

हे सगळ्यांना दाखवायचं, असं मी ठरवलं. जेवणाच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता पार्किंगच्या भिंतीवर, प्रसेनजीतांच्या प्रोजेक्टरवर. बोर्डावर वेळ लावली. शबनूरचं काम त्या दिवशी चारला संपलं आणि ती वर आली.

"काका, आधी एकदा घरी बघूया का?"

"वेळ जाहीर झालीय," मी म्हणालो.

डेस्कवर मी इतरांना हजारदा सांगितलं होतं की न वाचलेला मजकूर छापायला सोडू नका. इथं सोडला.

भिंतीवर ठिपके आले, सगळ्यांना दिसावं म्हणून वेग कमी करून. नंबरांमुळं कुणी ओळखू येणार नाही, अशी विद्यापीठाच्या समितीची समजूत होती. समितीतलं कुणी सोसायटीत राहत नसावं. पहिल्या अर्ध्या मिनिटात चाळीस ठिपके ओळखले गेले. एकसष्ट नंबरच्या ठिपक्यानं पाचवी वाटी घेतली तेव्हा सगळ्यांनी मागं वळून अमरसिंहांकडं पाहिलं. मला समाधान वाटलं. ते चार मिनिटं टिकलं.

अमरसिंह उठून उभे राहिले. "पाच तर पाच. पण हे कडंला काय लिवलंय? लाज शून्य पूर्णांक एक? माझी लाज मोजायला घरात कोण आलतं?"

"सरासरी आहे," शबनूर म्हणाली.

"तानूबाईंची किती?"

"शून्य."

"बरोबर हाय की," तानूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "ऐंशी वर्सं झाली. आता कुणाला लाजू?"

"आता बघा, रस्सा कधी संपायला लागला," असं म्हणून शबनूरनं घड्याळ मागं नेलं. पडद्यावर बारा वाजून पाच मिनिटं झाली. पार्किंग मोकळं. पंगत मांडायची होती. तेवढ्यात वरून एक ठिपका आला. त्याच्याजवळ एक छोटा चौकोन होता. चौकोन म्हणजे डबा. ठिपका थेट पातेल्याकडं गेला, चौकोन भरला आणि तो परत वर गेला. नंबर सतरा. जिन्यात त्याला अठरा आणि वीस भेटले. त्यांची लाज माझ्या डोळ्यांदेखत शून्य पूर्णांक सातवरून शून्य पूर्णांक तीनवर आली आणि ते चौकोन आणायला घरी वळले. त्यांना बघून आणखी पाच. पहिली पंगत बसायच्या आत अकरा डबे भरून गेले होते.

मग तिनं सतरा नंबरला घरात बसवून तेच जेवण पुन्हा चालवलं. कुणीच डबा काढला नाही. रस्सा उरला. "शंभरदा चालवलं," ती खाली बघत म्हणाली. "चौऱ्याण्णव वेळा सुरुवात सतरापासनंच झाली."

मग तानूबाईंचा आवाज आला. "सतरा माझ्या शेजारी ऱ्हातोय की."

तानूबाईंच्या शेजारी आम्ही दोघं राहतो. मी उठलो आणि वस्तुस्थिती सांगितली. गेल्या वर्षी जेवणाच्या आदल्या दिवशी आमच्या सौभाग्यवती संयोगिता यांचा पाय मुरगळला होता. त्यांना तीन मजले उतरणं शक्य नव्हतं. आजाऱ्यासाठी डबा ही रीतच आहे. पंगतीआधी नेला तो गर्दीत सांडू नये म्हणून.

"पाय मुरगळला होता हे खरं," संयोगिता म्हणाल्या. खोटं त्यांना सहन होत नाही. माझी अडचण लग्नापासून तीच आहे. "पण डबा चार कप्प्यांचा होता."

"चार?" अमरसिंह म्हणाले. "पाय कितींदा मुरगळलता?"

"संध्याकाळी यांनी तोच खाल्ला," संयोगिता म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशीही."

हशा किती वेळ चालला ते मी घड्याळात पाहिलं नाही. तो ओसरल्यावर अमरसिंह म्हणाले, "सेक्रेटरीनं डबा भरला म्हंजे परवानगीच झाली की ओ! आम्हाला वाटलं ठराव झाला असंल."

मी हात वर करून सांगितलं, यंदा माझ्या घरातून डबा निघणार नाही. एकही कप्पा नाही. अमरसिंह म्हणाले, आमच्याही घरातनं नाही. मग एकेक जण उठला. सगळ्यांनी शपथा घेतल्या. मला ते माझं यश वाटलं. शबनूर मात्र वायर गुंडाळत पुटपुटली, "आता माणसं माहिती असल्यागत वागणार. माझं मॉडेल गेलं."

मौलाचाचा या कार्यक्रमाला नव्हते. ते गारगोटीला एका लग्नाच्या रस्स्यावर होते. गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर त्यांना जिथं जाल तिथं "चाचा, पुरंल न्हवं?" असं विचारलं जात होतं. म्हणून यंदा त्यांनी कुणाला न विचारता दोन्ही रस्से एकेक पातेलं जास्त टाकायचं ठरवलं होतं.

जेवणाचा रविवार. साडेबाराला पहिली पंगत बसली, आणि भरली. एरवी पहिल्या पंगतीला कुणी बसत नाही, हावरट दिसतं म्हणून. यंदा उशिरा येणं जास्त संशयास्पद ठरलं असतं. शबनूर वही घेऊन खांबाजवळ बसली होती. ती मान वर करी तेव्हा माणसं ताटात बघत. वाढपी रस्सा घेऊन आला की तिसऱ्या वाटीला हात आडवा. "बास. बास की." अमरसिंहांनी दोन वाट्या घेतल्या आणि दुसरी खांबाकडं बघत सावकाश संपवली. कुणी डबा आणला नाही. तिसरी पंगत दीड वाजता उठली.

माझ्या लक्षात आलं की हे मी आधी पाहिलंय. आमच्या जेवणाच्या टेबलावर, लॅपटॉपवर. पहिलं खोटं सिम्युलेशन हुबेहूब खरं झालं होतं.

दोनला पाच कमी असताना मी पातेल्यांत डोकावलो. तांबडा निम्म्याच्या वर, पांढरा तर दोन तृतीयांश. चार वाजताच्या सभेतलं पहिलं वाक्य मी मनात जुळवलं, "यंदा रस्सा उरला." वाक्य छोटं होतं, चांगलं होतं. अमरसिंहांकडं त्याला उत्तर नव्हतं.

तेवढ्यात मौलाचाचा चुलीकडून आले. झाकण उचलून आत पाहिलं. दुसरं उचललं. मग मला विचारलं, "मीठ जास्त झालं काय?"

"नाही."

पळीनं थोडा घेऊन त्यांनी चव बघितली. "तिखट?"

"उत्तम झालाय, चाचा."

"मग माणसं उठली कशी?"

ते पालथ्या घमेल्यावर बसले आणि खांद्यावरच्या पंच्यानं हात पुसू लागले. हात कोरडे होते, तरी पुसत राहिले. "संपला तर लोक शिव्या देतात, पर म्हणतात चांगला होता," ते म्हणाले. "माझा उरला न्हवता कधी. तीस वर्सांत न्हाई. मयताच्या जेवणाला पण न्हाई."

पार्किंगमध्ये सगळे उभे होते. कुणी निघत नव्हतं आणि चाचांकडं कुणी बघतही नव्हतं. काही जण छताकडं बघत होते. शबनूरनं वही मिटली आणि माझ्याजवळ आली.

"अब्बा घरी काय बोलणार न्हाईत," ती हळू म्हणाली. "पण उद्यापासनं हात आखडंल त्यांचा. मला माहीत हाय."

मी हिशेब केला. डबा आणला तर चौकोनवाला ठिपका पुन्हा मीच. शपथ आठ दिवसांपूर्वीची, साक्षीदार सगळी सोसायटी. चार वाजता अमरसिंहांना भाषणाची गरजच उरणार नाही, नुसतं बोट दाखवलं तरी पुरे. आणि डबा नाही आणला तर माझं छोटं, चांगलं वाक्य.

मी तीन मजले चढून गेलो. चार कप्प्यांचा डबा फडताळात वरच होता. खाली आलो तेव्हा जिन्यापासून चुलीपर्यंत वाट आपोआप मोकळी झाली. ती तेवीस पावलं आहेत.

"चारही भरा, चाचा. खालच्या दोन कप्प्यांत तांबडा."

त्यांनी वर बघितलं. "घरात कोण आजारी हाय?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "संध्याकाळी मीच खाणार आहे. सकाळी उरला तर सकाळीही."

मौलाचाचा उठले आणि त्यांनी पळी हातात घेतली. मला वाटलं, बस, इतकंच. एक डबा भरून मी वर जाणार आणि बाकीचं पातेलं तसंच राहणार.

"आरं, मग मी काय मेलोय व्हय?" तानूबाई ओरडल्या. "जावा, माझी कळशी आणा कुणीतरी!"

कळशी आली. तिच्यामागं कुकर आला. मग थर्मास, दुधाची किटली, दोन मोठे डबे, झाकण नसलेलं मिक्सरचं भांडं. प्रसेनजीतांनी पाण्याची बाटली आणली होती आणि तिच्यात नरसाळ्यानं पांढरा भरून घेतला. माणसं जिन्यात एकमेकांना धडकत होती, "सांडंल की ओ!" म्हणत होती, आणि शपथेबद्दल कुणी बोलत नव्हतं. शबनूरनं वही पुन्हा उघडली आणि ती भराभर रेघा मारू लागली. मौलाचाचांनी शेवटची पळी पातेलं तिरकं करून काढली, पळीनं पातेल्यावर एक ठोका दिला आणि सगळ्या बावड्याला ऐकू जाईल असं ओरडले, "संपला!"

दोन वाजून बावन्न मिनिटं. डबे चौतीस.

माझा डबा जड होता, म्हणून मी सावकाश चढत होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर अमरसिंह खाली येताना भेटले. हातात पातेली, वर रुमाल झाकलेला.

"संपला?" त्यांनी विचारलं. एवढा हळू आवाज त्यांना काढता येतो, हे मला माहीत नव्हतं.

"दोन बावन्नला."

"आईसाठी नेणार होतो जरा."

"आई तर गावाकडं आहेत ना?"

"व्हय," ते म्हणाले.

मी डब्याची कडी काढली, खालचे दोन कप्पे सोडवले आणि त्यांच्या पातेलीत ओतले. तांबडा त्यांना जास्त आवडतो. पाचही वाट्या तांबड्याच्या असतात, हे मी भिंतीवर पाहिलं होतं.

"त्या पोरीला एक सांगा," पातेली झाकत ते म्हणाले. "माझी लाज एक दशांश लावलीया. आज सगळ्यात शेवटी कोण आलं? मी. मग लाज हाय का न्हाय?"

"सांगतो."

ते चार पायऱ्या चढले आणि थांबले. "नगं. सांगू नगा. म्हंजे मी आलतो ते कळंल."

चार वाजता मी इतिवृत्ताची वही घेऊन पार्किंगमध्ये बसलो. समोर साठ खुर्च्या मांडल्या होत्या. अमरसिंह आले आणि पहिल्या रांगेत बसले. त्यानंतर कुणी आलं नाही. मी अध्यक्षांना फोन लावला, तो दोनदा वाजला आणि बंद झाला. वरच्या खिडक्यांमधून घोरण्याचे आवाज येत होते. मी चार वेगवेगळे मोजले. गणपूर्ती नसल्यानं सभा अर्धा तास तहकूब केली. साडेचारला, नोटिशीत लिहिल्याप्रमाणं, आहे त्या संख्येत पुन्हा सुरू केली.

"विषय क्रमांक तीन," मी वाचलं. "सेक्रेटरीची निवड. आपण उभे राहणार होता."

"ऱ्हाणार होतो," अमरसिंह म्हणाले. "पर आज मी सगळं बघत होतो. संपला तर सेक्रेटरीला शिव्या. उरला तर आचाऱ्याचं तोंड बघवत न्हाई. असलं काम तुम्हीच करा. मी सूचना मांडतो."

"मतदान हात वर करून आहे."

त्यांनी मागं वळून रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलं, मग वर खिडक्यांकडं पाहिलं.

"कोण बघत न्हाई न्हवं?" असं विचारून त्यांनी हात वर केला.